अण्णा निजले

याकोबराव आढाव टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा आई भाकरी थापत होती. याकोबरावांनी टोपी काढली की एक तर ते प्रार्थना करणार, नाहीतर वाईट बातमी सांगणार, हे आमच्या माळेवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि ती वेळ काही प्रार्थनेची नव्हती.

"राहेलबाई," ते म्हणाले, "शांतवन निजला."

आईचा हात परातीतच थांबला. मी चुलीत लाकूड सारत होते, ते तसंच हातात राहिलं. शांतवन म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. गेले काही दिवस ते शहरातल्या मिशनच्या दवाखान्यात होते आणि माझा भाऊ स्तेफन त्यांच्याजवळ होता.

आमच्या ख्रिस्ती वस्तीत माणूस मरतो असं कुणी म्हणत नाही. मरतात ती ढोरं. माणूस प्रभूमध्ये निजतो. कबरीच्या दगडावर तेच कोरतात, पाळक तेच बोलतात आणि म्हाताऱ्या बायका तर शेजारच्या गावचं कुणी गेलं तरी "निजला बिचारा" असंच म्हणतात. त्यामुळे याकोबरावांना पुढे काही सांगावं लागलं नाही.

"कधी?" आईनं विचारलं.

आज सकाळीच, असं याकोबराव म्हणाले. डेअरीत फोन आला होता, स्तेफनचा. सगळ्या गावात तेवढा एकच फोन आणि त्याच्यात माणसाच्या आवाजापेक्षा खरखर जास्त. तरी जेवढं ऐकू आलं तेवढं त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं. स्तेफन म्हणाला, अण्णा निजले. त्रास झाला का रे, असं यांनी विचारलं, तर म्हणाला, नाही, अगदी शांत निजले, डॉक्टरसुद्धा म्हणाले देवाची कृपा. आईला सांगा, आता काळजी करू नको. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं येतो. मग लाइन तुटली ती तुटलीच. याकोबरावांनी पुन्हा जोडून मागितली, पण वर्षाच्या शेवटच्या दिवशी कोण कुणाची लाइन जोडून देतंय.

"एसटीनं पोरगा येईल, मागून गाडी येईल," याकोबराव म्हणाले. गाडीत काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मंडळीतले ते सर्वांत जुने पंच, आयुष्यात कधी खोटं बोललेले नाहीत, आणि त्या दिवशी त्यांचे डोळे लाल झालेले होते.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगली तशी काढून टोपलीत ठेवली. मग पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "चला, म्हणजे झोप लागली त्यांना."

मला तेव्हा वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

आता झोपेची ही काय भानगड, ते सांगायला हवं. अण्णा गवंडी होते. पंचक्रोशीतल्या निम्म्या भिंती त्यांच्या ओळंब्यानं उभ्या राहिलेल्या. माणूस कसला, खांब होता. पण दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या पायांना सूज आली आणि दम लागायला लागला. हृदयाचा आजार, फुप्फुसात पाणी झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. दिवसा कसंतरी चालायचं. पण रात्री आडवं झालं की श्वास कोंडायचा, बुडत्या माणसासारखे ते उठून बसायचे. भिंतीला टेकले तर भिंत गार पडायची. उशा लावल्या तर घसरायच्या. शेवटी आईनंच उपाय काढला. ती त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायची. तिच्या पाठीवर रेलून त्यांना जरा डुलकी लागायची. ती हलली की ते जागे, म्हणून ती हलायची नाही. दसऱ्यापासून नाताळपर्यंत माझी आई अशी बसली. दिवसा रोजगाराला जायची, ते वेगळंच.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेची विनंती विचारायचे, तेव्हा सगळ्यांना वाटायचं ही नवऱ्याला बरं कर म्हणून मागेल. हिनं कधी तसं मागितलं नाही. उभी राहून एवढंच म्हणायची, "त्यांना झोप लागावी, एवढी प्रार्थना करा." मंडळी करायची. पोरंसोरंसुद्धा जेवणाआधी हात जोडून म्हणायला लागली होती, की देवा, शांतवनबाबाला झोप दे. मी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते, चार बुकं शिकलेली आणि जिभेनं तिखट. मी आईला म्हटलंसुद्धा, की अगं, मागायचंच तर बरं व्हायचं माग ना, देवाला काय झोप आणि आयुष्य यांत फरक पडतो? तर म्हणाली, "जे दिसतंय ते मागते बाई. पुढचं मला कुठं दिसतंय."

नाताळाच्या तोंडावर अण्णांना दवाखान्यात नेलं. पुरुषांच्या वॉर्डात बाईमाणसाला राहू देत नव्हते, म्हणून स्तेफन थांबला. निघताना आई त्याला डॉक्टरांचं काही बोलली नाही, औषधांचं बोलली नाही. पाठ कशी द्यायची ते शिकवून आली. कंबर ताठ ठेव, खांदे सैल सोड आणि खोकला आला तर दाबून धर.

तर तो वर्षाचा शेवटचा दिवस. दुपारपासून घंटा एकेक टोला देत वाजायला लागली. वस्तीवरची जवान पोरं कुदळी-फावडी घेऊन कबरस्तानात गेली. आमची जमीन मुरमाड, एक कबर खणायची म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि उद्या गाडी आल्यावर खोळंबा नको. आमच्या ओट्यावर बायका येऊन बसल्या. शेजारच्या मार्थाकाकूंनी तर हंबरडाच फोडला. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, म्हणजे उलटाच कारभार.

वर्षाखेरची उपासना आमच्याकडे उन्हं कलता कलताच व्हायची. रानातल्या वस्त्यांवरच्या माणसांना अंधाराच्या आत घरी पोचायचं असायचं. त्या दिवशी त्रिभुवन पाळक स्वतः आमच्या घरी आले आणि म्हणाले, की राहेलबाई, तुम्ही आज नाही आलात तरी चालेल, देव जाणतो. मीही म्हटलं, नको जाऊ. कारण त्या उपासनेत काय असतं ते मला माहीत होतं. त्या दिवशी उपकार सांगायचे असतात. प्रत्येक घरातल्या एकानं उभं राहायचं आणि सरत्या वर्षातला देवाचा एक उपकार सांगायचा. एकच. पूर्वी किती सांगावे याला धरबंध नव्हता, पण एका वर्षी एका गृहस्थानं म्हशीच्या अडलेल्या बाळंतपणाची साक्ष एवढी लांबवली, की दिवे लावायची वेळ आली. तेव्हापासून पाळकांनी नियम केला, एका घराचा एक उपकार आणि मग सगळ्या मंडळीचं एक आमेन. आमच्या घरचा उपकार दर वर्षी अण्णा सांगायचे.

"मी येणार," आई म्हणाली.

"आणि काय सांगणार आहेस?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा. "कशाचे उपकार मानायचे आहेत आज?"

ती उठली. पांढरं लुगडं नेसली आणि निघाली. मग मीही तिच्या मागं गेले, एकटीला कशी सोडणार.

चर्च गच्च भरलेलं होतं. आम्ही आत गेलो तसा सगळा गलका बसला. गाणं झालं, वचन वाचलं गेलं आणि उपकार सुरू झाले. त्या दिवशी लोक चोरट्यासारखे उभे राहात होते. कुणाच्या बोअरला पाणी लागलं होतं, ते त्यानं मान खाली घालून सांगितलं. कुणाची सून नांदायला परत आली होती. मार्थाकाकूंच्या डोळ्याचा पडदा काढला होता, त्या एरवी गाऊन सांगतील अशी गोष्ट, पण त्यांनी ती आमच्याकडे न बघता दोन शब्दांत उरकली. प्रत्येकाच्या मागं आमेन व्हायचं, दबक्या आवाजात. आमची ओळ आली तेव्हा पाळकांची नजर आमच्या डोक्यावरून पुढच्या घराकडे गेली. चांगल्या मनानंच गेली. पण आई उभी राहिली.

तिनं डोळे मिटले. तिला भाषण करता येत नव्हतं, लिहिता-वाचताही जेमतेम. ती एरवी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "प्रभू, माझ्या माणसाला झोप दिलीस. आडवं निजवलंस. तुझे उपकार."

आणि थांबली. आमेनसाठी थांबली.

आमेन झालंच नाही. एवढी मंडळी, पण एकाचीही जीभ रेटली नाही. त्रिभुवन पाळकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. याकोबराव जमिनीकडे बघत होते. नवऱ्याचं मढं अजून घरी यायचंय आणि ही बाई देवाचे उपकार मानते आहे, त्याला आमेन कसं म्हणायचं? मी तर दात घट्ट मिटून धरले होते. मला देवाचा राग आला होता आणि देवाहून जास्त आईचा. ती आणखी थोडा वेळ उभी राहिली आणि मग खाली बसली. पाळकांनी घाईनं गाणं सांगितलं, कोणतं ते आज आठवत नाही.

ती रात्र आई भिंतीला पाठ लावून बसली होती. मी तिला आडवी हो म्हटलं नाही आणि ती झाली नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी सगळं गाव फाट्यावर होतं. आमची मंडळी तर होतीच, पण मराठे होते, धनगर होते, डेअरीचा मॅनेजर होता. अण्णांनी ज्याचं घर बांधलं नाही असा माणूस त्यात शोधून सापडला नसता. थंडी मी म्हणत होती. पांढरे कपडे, डोक्यावरून पदर, पाळकांच्या हातात शास्त्र, चौघांच्या खांद्यावर तिरडीसारखी बांधलेली बाज. आई पुढे उभी होती आणि मी तिच्या दंडाला धरून.

एसटी आली. दार उघडलं. स्तेफन उतरला, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात कपड्यांचं बोचकं. एवढं गाव फाट्यावर बघून तो आधी चमकला, मग तोंडभर हसला. आणि म्हणाला काय, तर "नवीन वर्षाच्या शुभेच्छा!"

मार्थाकाकूंनी त्याच्या गळ्यात पडून जो टाहो फोडला, त्यानं एसटीतले लोक खिडक्यांतून डोकी काढून बघायला लागले. मग दोन-चार बाप्येही रडत त्याला बिलगले. पोराला काही समजेना. पांढरे कपडे बघितले, बाज बघितली आणि त्याचा चेहराच उतरला.

"कोण गेलं?" तो ओरडला. "आई कुठंय? आई!"

आई समोरच होती. तिला बघून त्याचा जीव भांड्यात पडला. "मग गेलं कोण?" त्यानं पुन्हा विचारलं.

शेवटी याकोबराव पुढे झाले. टोपी त्यांच्या हातातच होती. "स्तेफन," ते म्हणाले, "काल तूच फोन केलास ना बाळा? अण्णा निजले म्हणून?"

"हो, निजले. निजलेतच. मी निघालो तेव्हा घोरत होते."

एसटी निघून गेली तरी कुणी हललं नाही. बाज खांद्यावर घेतलेले चौघे तसेच उभे. फाट्यावरच्या टपरीचा स्टोव्ह फरफरत होता, तेवढाच आवाज. मला अंगावर काटा आला तो आठवतो, पायापासून मानेपर्यंत चढत गेला. आनंद वगैरे त्या क्षणी झालाच नाही. भीती वाटली, खरं सांगते, कुणाच्या तरी अगदी जवळ उभं असल्यासारखी भीती.

स्तेफन एकेक सांगत होता, कारण त्याला अजूनही यात विशेष काय ते उमगलं नव्हतं. परवा डॉक्टरांनी फुप्फुसातलं पाणी काढलं. काल सकाळी अण्णा त्याच्या पाठीवर रेलले होते, ते म्हणाले, जरा सरक बरं. तो सरकला. ते हळूहळू आडवे झाले आणि त्यांना झोप लागली. न्याहारी आली तरी उठेनात, तेव्हा नर्स घाबरून डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिलं आणि म्हणाले, देवाची कृपा आहे, झोपू द्या. मग हा धावत फोनवर गेला, कारण आईला पहिल्यांदा कळायला हवं होतं. संध्याकाळी अण्णा थोडी पेज प्यायले आणि पुन्हा झोपले. आज मळके कपडे धुवायला घेऊन तो आला होता, बोचक्यात तेच होते.

आई इतका वेळ ऐकत होती. तिनं एकच विचारलं.

"आडवे घोरतात?"

"आडवे. चांगले पाय पसरून."

तिनं डोळे मिटले. ओठ हलले नाहीत. तिला जे म्हणायचं होतं ते ती कालच म्हणून बसली होती. आणि तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "आमेन." याकोबराव होते. मग त्रिभुवन पाळक म्हणाले, "आमेन," आणि मग सगळी मंडळीच, बाज धरलेले चौघेसुद्धा, आणि ज्यांचा या शब्दाशी संबंध नाही ते मराठे आणि धनगरही. कालच्या प्रार्थनेचं आमेन आज झालं, रस्त्यावर, मोकळ्या आभाळाखाली. पाळक हसत-रडत म्हणाले, "तिकडे शास्त्रात प्रभू 'आपला मित्र निजला' म्हणाला, तेव्हा शिष्यांनी मरणाला झोप समजली होती रे, आणि आपण शहाणे झोपेला मरण समजून बसलो." त्यानंतर मात्र हसणं सुरू झालं, ते दुपारपर्यंत थांबलं नाही. याकोबरावांना पुढे कित्येक वर्षं कुणीही विचारायचं, "निजला म्हणजे कसा निजला, पंच? घोरतोय का नाही?"

घरी आल्यावर मी आईला गाठलं. कपडे भिजत घालत होती.

"आई, खरं सांग. काल तुला आतून कळलं होतं का, अण्णा आहेत म्हणून?"

"मला कुठून कळणार?" ती म्हणाली. "याकोबराव कधी खोटं बोलतात का? मला वाटलं, गेलेच."

"मग उपकार कशाचे मानलेस?"

"झोपेचे." अण्णांचा सदरा तिनं पाण्यात दाबला. "झोपच मागितली होती ना आपण? सगळ्यांच्या तोंडून मागवली. त्यानं दिली. किती वेळाची द्यायची, ते त्याच्याकडे."

मला ते पटलं नव्हतं, तरी बोचक्यातला पुढचा कपडा मी तिच्या हातात दिला.

महिन्याभरानं अण्णा घरी आले आणि काठी टेकत पहिल्यांदा गेले ते स्वतःची कबर बघायला. पोरं बिचारी शरमून उभी होती. अण्णांनी आत वाकून बघितलं, चारही कोपऱ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "गवंड्याची कबर ही? एक कोपरा काटकोनात नाही. मी आत गेलो असतो तर मला झोप लागली असती का?" रिकामी कबर बुजवू नये असं म्हाताऱ्या म्हणत होत्या आणि उघडी ठेवणंही बरं नव्हतं. अण्णांनीच तोड काढली. अंगात जरा ताकद आल्यावर त्यांनी बसल्या बसल्या कोपरे सरळ करून घेतले, दगड लावले, आतून गिलावा केला आणि त्याचा हौद बांधला. कबरस्तानातल्या झाडांना त्यातलंच पाणी घालतात. माती देऊन आलेली माणसं त्यातच हात-पाय धुतात.

पुढे खूप वर्षं जगले अण्णा. जड काम जमायचं नाही, पण शिव्या देऊन दुसऱ्याकडून करून घ्यायचे. वर्षाखेरीला उभे राहून दर वेळी एकच उपकार सांगायचे, "निजतो आणि उठतो," की बसले खाली.

माझं लग्न झालं, मी शाळेत लागले, माझी मुलं कॉलेजात गेली. अशाच एका नाताळच्या सुट्टीत मी माहेरी होते. वर्षाचा शेवटचा आठवडा, पहाटेचं धुकं खिडकीशी आलेलं. मी गॅसवर चहा ठेवला होता. आई आतल्या खोलीतून आली आणि पाटावर बसली. केस पांढरे, पाठ वाकलेली, ती त्या वर्षीपासूनच वाकली होती.

"अण्णा उठले का गं?" मी विचारलं. "त्यांचाही टाकू?"

"निजलेत," ती म्हणाली.

मी तिघांचं आधण ठेवलं होतं. कपबशा काढता काढता मला पाठीमागून तिचा आवाज ऐकू आला, हळू, रोजच्यासारखा.

"प्रभू, माझ्या माणसाला झोप दिलीस. आडवं निजवलंस. तुझे उपकार."

एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. माझे हात तिथंच थांबले. आतून घोरण्याचा आवाज येत नव्हता. कधीपासून येत नव्हता, कोण जाणे.

मी वळून बघितलं. ती डोळे मिटून बसली होती आणि थांबली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"आमेन," मी म्हटलं.